दुर्गंधनाशक तंतू

दुर्गंधनाशक तंतू म्हणजे घाम, धूर इत्यादींतून येणाऱ्या दुर्गंधी रेणूंचे रासायनिक विघटन घडवून आणणारे वस्त्रतंतू होत. सुवासाने दुर्गंध झाकणे, सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या पदार्थात तो अडकवणे किंवा चांदीच्या साहाय्याने जिवाणूंची वाढ रोखणे, या पद्धतींहून हे तंतू भिन्न आहेत.

दुर्गंधाचे मूळ

ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरील जिवाणू घामातील घटकांवर प्रक्रिया करतात व त्यातून बाष्पनशील मेदाम्ले आणि गंधकयुक्त संयुगे तयार होतात. पायांच्या वासात आयसोव्हॅलेरिक आम्लाचा मोठा वाटा असतो. पॉलिएस्टर पाणी अत्यल्प शोषते, मात्र तेलकट द्रव्ये धरून ठेवते. म्हणून अशा कपड्यांना धुतल्यावरही वास राहू शकतो.

कार्यपद्धती

टायटॅनियम डायऑक्साइड हा प्रमुख प्रकाश-उत्प्रेरक आहे. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये त्याच्या विद्युतअग्राचा वापर करून प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखवले. अतिनील किरण पडल्यावर त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात. ती सेंद्रिय दुर्गंधी रेणूंचे ऑक्सिडीकरण करतात. प्रक्रिया पूर्ण झाल्यास मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. लोह थॅलोसायनिनसारखी संयुगे विकरांप्रमाणे कार्य करतात. ती हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करतात आणि त्यांना प्रकाशाची गरज नसते.

मर्यादा

हायड्रॉक्सिल मूलके दुर्गंध व कापड असा भेद करत नाहीत. त्यांच्यामुळे तंतू, रंग व बंधकद्रव्यही झिजते. त्यावर उपाय म्हणून उत्प्रेरकाच्या कणांवर सिलिका किंवा ॲपेटाइटचा थर देतात. घरातील प्रकाशात अतिनील किरण अत्यल्प असल्याने, दृश्य प्रकाशात कार्य करणारा नायट्रोजनयुक्त टायटॅनियम डायऑक्साइड विकसित करण्यात आला. ऑक्सिडीकरण अपूर्ण राहिल्यास ॲल्डिहाइडे तयार होऊ शकतात. कापडावर दिलेला लेप धुण्याने कमी होतो. तंतू ओढण्यापूर्वीच उत्प्रेरक मिसळल्यास तो टिकतो, परंतु त्याचे बरेच कण तंतूच्या आत राहून दुर्गंधाच्या संपर्कात येत नाहीत.

परीक्षण

आयएसओ १७२९९ या मानकमालिकेनुसार अमोनिया, ॲसिटिक आम्ल, आयसोव्हॅलेरिक आम्ल इत्यादींचे प्रमाण कापडाच्या सान्निध्यात किती घटते, हे मोजतात. तथापि केवळ शोषणानेही हे प्रमाण घटू शकते. म्हणून विघटन झाल्याचे सिद्ध करण्यासाठी त्यातून निर्माण होणारे पदार्थ स्वतंत्रपणे मोजावे लागतात.