चंद्रावरचे चित्र नेमके कुठे बिघडले? (थ्रेड)

१/
२१ जुलै १९६९. भारतात सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली असताना नील आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्रावर पडले. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती, त्यामुळे मराठी घरांत ही वार्ता पोहोचली ती रेडिओ आणि वृत्तपत्रांतून. ज्या देशांत थेट प्रक्षेपण दिसले, तिथल्या प्रेक्षकांनी पाहिल्या त्या धूसर, भुतासारख्या सावल्या. इतक्या दूरचे चित्र असेच येणार, अशी समजूत तेव्हापासून रूढ झाली.

२/
ती समजूत चुकीची आहे. भूस्थानकांतील मोजक्या तंत्रज्ञांनी त्याच क्षणी आपल्या पडद्यावर पुष्कळ स्वच्छ चित्र पाहिले होते. कॅमेरा उत्तम होता, चंद्रावरून येणारा संदेशही ठीक होता. चित्र बिघडले ते पृथ्वीवर, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात जाताना. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘एक्स्पोर्ट’ करताना.

३/
कारण साधे होते. चांद्रयानाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत दूरचित्रवाणीच्या वाट्याला केवळ ५०० किलोहर्ट्झ एवढाच पट्टा आला होता. नेहमीच्या अमेरिकी प्रक्षेपणाला याच्या आठपटीहून अधिक जागा लागे. म्हणून वेस्टिंगहाउस कंपनीच्या कॅमेऱ्याने सेकंदाला १० फ्रेम, प्रत्येकी ३२० रेषा, असे संथ चित्र पाठवले. घरोघरचे अमेरिकी संच मात्र ५२५ रेषा आणि सेकंदाला ३० फ्रेम मागत. तेही इंटरलेस पद्धतीने, म्हणजे आधी विषम रेषा, मग सम रेषा.

(जुनी व्हिडिओ टेप संगणकावर घेताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, त्यांचे मूळ याच इंटरलेस पद्धतीत आहे.)

४/
या दोन स्वरूपांची सांगड घालण्यासाठी योजलेला उपाय आज ऐकला तर हसू येईल. संथ चित्र एका लहान पडद्यावर दाखवायचे आणि त्या पडद्यासमोर दुसरा दूरचित्रवाणी कॅमेरा रोखून ठेवायचा! तो जे टिपेल ते चुंबकीय तबकडीवर साठवून पुन्हा पुन्हा दाखवायचे आणि सेकंदाची उरलेली जागा भरून काढायची. मोबाइलने टीव्हीच्या पडद्याचे चित्रण करण्यासारखाच हा प्रकार. १९६९च्या तंत्रात यापेक्षा फारसे चांगले काही शक्यही नव्हते, तेव्हा त्या अभियंत्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण बारकावे इथेच गळाले, सावल्या इथेच काळ्याकुट्ट झाल्या.

५/
त्यातच कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन केंद्राच्या चित्रात काळ्या-पांढऱ्याचा भेद अतिरेकी होता, आणि आरंभी ते उलटेही दिसत होते. ह्यूस्टनने मग ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीकचे चित्र घेतले. आर्मस्ट्राँगचे पहिले पाऊल जगाने पाहिले ते तिथून. थोड्या वेळाने पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे चित्र आले आणि शेवटपर्यंत तेच राहिले. ऑस्ट्रेलियातून ह्यूस्टनपर्यंतच्या लांबलचक प्रवासात चित्रात आणखी खरखर मिसळली. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांना ते या फेऱ्याशिवाय, अधिक नितळ दिसले.

६/
मूळ संथ चित्र मात्र एक इंच रुंदीच्या, १४ ट्रॅकच्या टेपवर जसेच्या तसे नोंदवले जात होते. त्या टेप सापडल्या असत्या, तर आधुनिक यंत्रांनी पहिले पाऊल पुन्हा नव्याने, स्वच्छ पाहता आले असते. नासाने कसून शोध घेतला. २००९मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: टेपचा तुटवडा असताना त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. प्रक्षेपण तर सर्वांनी पाहिले आहे, मग राखीव प्रत कशाला, असाच विचार तेव्हा झाला असणार.

७/
डिजिटल युगात हा प्रश्न संपला, असे वाटते. अंकांची प्रत हुबेहूब निघते, हे खरेच. पण व्हिडिओचे अंक फार होतात. १९८२च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या दूरचित्रवाणीचे असंकोचित चित्र सेकंदाला २१६ मेगाबिट घेते, आणि तेही रंगाचे आडवे तपशील आधीच निम्मे करून. एके काळी गल्लोगल्ली मिळणाऱ्या व्हीसीडीला चित्रासाठी सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट मिळत.

८/
ही किमया ज्या गणिताने साधली, त्याचा जनक बंगळूरचा. नासिर अहमद यांनी १९७२मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी आहे म्हणून ते नाकारले गेले. जानेवारी १९७४मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे त्या पद्धतीचे नाव. जेपीईजी छायाचित्रांपासून एमपीईजी आणि एच.२६४ व्हिडिओपर्यंत तिचाच वंशविस्तार आहे.

९/
गंमत अशी की या गणितात स्वतःहून काहीच हरवत नाही. चित्राचे लहान चौकोन सावकाश आणि वेगाने बदलणाऱ्या छटांत विभागले जातात, एवढेच. हानी होते ती पुढच्या पायरीवर: डोळ्याला सहसा न जाणवणारे सूक्ष्म बदल ढोबळ अंकांत बसवले जातात. शिवाय बहुतेक फ्रेम पूर्ण साठवल्याच जात नाहीत, शेजारच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा ठेवला जातो. क्लिप संकलित करून पुन्हा एक्स्पोर्ट केली की ही काटछाट नव्याने होते, आणि आधीच्या काटछाटीच्या खुणाच मूळ चित्र समजून जपल्या जातात. म्हणूनच व्यावसायिक संकलक काम चालू असताना प्रोरेससारखे (२००७) मोठ्या फाइलचे, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणारे कोडेक वापरतात आणि कठोर संकोच फक्त अखेरीस, एकदाच करतात.

१०/
२०१०मध्ये एका अमेरिकी संगीतकाराने स्वतःचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. असे एक हजार वेळा. शेवटी माणूस उरला नाही, शब्द उरले नाहीत. रंगांचे डाग आणि एक विचित्र गुंजन तेवढे राहिले.

११/
अपोलोचे काय झाले? मूळ टेप नाहीत म्हटल्यावर सीबीएसच्या संग्रहातील प्रक्षेपणाच्या प्रती, सिडनीत नोंदवलेली टेप आणि पडद्यावरून टिपलेली फिल्म यांतला सर्वांत चांगला भाग निवडून लोरी डिजिटल या संस्थेने २००९मध्ये चित्र सुधारून दिले. हनीसकल क्रीकच्या एड फॉन रेनोआर्ड यांनी आपल्या सुपर-८ कॅमेऱ्याने तिथल्या पडद्यावरून काही दृश्ये टिपून ठेवली होती, तीही उपलब्ध आहेत. आज मोबाइलवर फिरणाऱ्या कमी बिटरेटच्या क्लिपमध्ये मात्र चंद्राच्या काळ्या आकाशात लहान लहान चौकोन थरथरताना दिसतात. ते चंद्रावरून आलेले नाहीत, आणि १९६९च्या प्रक्षेपणातही नव्हते.