आरएनएची गलाई

कडेगाव, विटा, आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी भारतभर पसरली आहेत. जुने सोने मुशीत वितळवायचे, तेजाबाने हीण काढायचे, पुन्हा आटवायचे. आरएनएच्या बारीक तुकड्यांनी विषाणूचे विकर बंद पाडण्याची युक्ती अशाच गलाईतून निघाली. फरक एवढाच, की इथे प्रत्येक फेरीनंतर उरलेला माल वाढवताही येतो.

१९९० साली कोलोरॅडो विद्यापीठात क्रेग टुर्क आणि लॅरी गोल्ड टी-४ विषाणूच्या एका विकराचा अभ्यास करत होते. ते आरएनएमधल्या आठ अक्षरांच्या वळणाला चिकटते. त्या आठ जागी अक्षरांची सगळी, म्हणजे ६५,५३६ रूपे त्यांनी एकत्र कालवली. चिकटली ती ठेवली, बाकीची धुऊन टाकली, उरलेल्यांच्या प्रती काढून पुन्हा विकरापुढे मांडली. शेवटी मुख्यतः दोनच उरली: एक निसर्गातले, दुसरे त्याहून चार अक्षरे वेगळे. कुणाला सुचले नसते असे! त्याच वर्षी बॉस्टनमध्ये एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी स्वतंत्रपणे हेच केले. अशा तुकड्यांना ‘अ‍ॅप्टामर’ हे नाव त्यांचेच.

१९९२ मध्ये टुर्क यांच्या गटाने एचआयव्हीला हात घातला. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए लिहितो, ते रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराच्या जोरावर. या वेळी ३२ जागा मोकळ्या सोडल्या होत्या. गलाईअंती स्वतःशीच गाठ मारून बसलेला आरएनए हाती आला. विकराच्या ज्या खाचेत विषाणूचा आरएनए बसतो, तिथेच ही गाठ ठाण मांडते आणि लेखन थांबते. पक्ष्यांच्या वा उंदरांच्या विषाणूंतल्या याच जातीच्या विकरांना मात्र ती फारशी अडवत नाही. प्रयोगशाळेत आरएनएवरून डीएनए प्रती काढायला हीच विकरे वापरतात; तीही अडली असती, तर ही गाठ वाढवताच आली नसती, हे मला यातले सर्वांत गमतीचे वाटते.

औषध मात्र झाले नाही. उघडा आरएनए रक्तात लगेच तुटतो आणि पेशीत शिरत नाही. विकर तर पेशीच्या आत. १ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलेल्या नेव्हिरापिन, लॅमिव्ह्युडिनच्या गोळ्या त्याच विकराला अडवतात, पण त्या साध्या रसायनांच्या. त्याच डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या अ‍ॅप्टामर औषधाला परवानगी मिळाली, ती म्हातारपणी डोळ्याचा पडदा खराब होण्याच्या विकारावर. ते थेट डोळ्यात टोचता येई, रक्तातून प्रवास करावा लागत नसे.