प्रोग्रामिंग अंगवळणी कसे पडते : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

ट्यूटोरियल पाहताना सगळे कळते, आणि व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ आलेली असते. त्यातले बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात : हे आपल्या डोक्याचे काम नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात घरी संगणक असलेली मुले थोडी आणि इंग्रजीची धास्ती मोठी, म्हणून हा निष्कर्ष तिथे फार लवकर निघतो. तो चुकीचा आहे. तो का चुकतो हे नीट तपासणारे एक अख्खे अभ्यासक्षेत्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. शिक्षक, विद्यार्थी, नोकरी सांभाळून संध्याकाळी फोनवर शिकणारे तरुण, अशा सगळ्यांचे त्या क्षेत्रात स्वागत करण्यासाठी हे पुस्तक आहे.

या क्षेत्राला संगणन-शिक्षण संशोधन असे भारदस्त नाव असले तरी त्याचा मूळ प्रश्न साधा आहे. माणूस प्रोग्राम लिहायला शिकतो तेव्हा नेमके काय शिकतो, आणि अडतो कुठे? १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा तयार केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो आणली. १९७८ मध्ये कर्निहन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक आले. त्याचे पहिले प्रकरणच ट्यूटोरियल आहे, आणि पडद्यावर दोन शब्दांचे अभिवादन छापण्याचा त्यातला धडा आजही जगभर गिरवला जातो. भाषा सोप्या होत गेल्या, पण शिकणे त्या प्रमाणात सोपे झाले नाही.

किती अवघड राहिले ते २००१ साली मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या गटाने मोजले. चार विद्यापीठांतल्या, प्रोग्रामिंगचा सुरुवातीचा अभ्यासक्रम केलेल्या २१६ विद्यार्थ्यांना गणकयंत्रासारखा एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. निराश झालेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला हा आकडा सांगावा असे मला मनापासून वाटते, कारण ही विद्यापीठातली, रीतसर शिकवलेली मुले होती. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिणे बाजूला ठेवले आणि तयार कोड वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगितली. तिथेही पुष्कळ जण अडखळले. म्हणजे घोडे लिहिण्याच्या आधीच, वाचण्यापाशी अडलेले होते. बेनेडिक्ट ड्यु बूले यांनी १९८० च्या दशकातच हे निराळ्या अंगाने मांडले होते : यंत्र आत काय करते आहे याचे एक चित्र शिकणाऱ्याच्या मनात तयार व्हावे लागते, आणि ते चित्र चुकीचे असेल तर पाठ केलेले नियम कामी येत नाहीत.

मग ट्यूटोरियल निरुपयोगी का? मुळीच नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की नवख्याने लगेच उदाहरणे सोडवत बसण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासली तर तो लवकर शिकतो. नवख्याच्या डोक्यात एका वेळी थोडेच मावते, आणि दाखवलेले उदाहरण तो भार हलका करते. अडचण पुढच्या पायरीवर आहे. दाखवलेल्या उदाहरणाकडून स्वतःच्या कामाकडे एकदम उडी मारायला सांगितले जाते आणि मधला जिना कोणी बांधत नाही. तो जिना बांधण्याची मला सर्वांत उपयोगी वाटणारी रीत इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. आधी कोड वाचून काय होईल याचा अंदाज वहीत लिहायचा. मग कोड चालवायचा. अंदाज चुकला तर का चुकला हे शोधायचे. त्यानंतर त्याच कोडमध्ये छोटा बदल करायचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे काही लिहायचे. व्हिडिओ पाहणारे बहुतेक जण यातले फक्त चालवणे करतात.

आता कोरपना. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा, तेलंगणाला लागून असलेला हा तालुका. एका अंगाला गडचांदूर, आवारपूर, नांदा इथले सिमेंट कारखाने आणि चुनखडीच्या खाणी, दुसऱ्या अंगाला कापूस, सोयाबीन आणि तूर. कापसाच्या रोजच्या बाजारभावात कोरपना बाजार समितीचे नाव असते. इथल्या मुलाला सरावासाठी पहिला प्रोग्राम कोणता द्यावा? परदेशी ट्यूटोरियल बँक खाते, पिझ्झाची ऑर्डर किंवा गाण्यांची यादी देतात. मी कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, देईन.

सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर माल नेणाऱ्या कास्तकाराच्या घरात हा हिशेब तोंडपाठ असतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत, वाढलेल्या प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात. १२ च्या वर गेला की माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. १२.४० क्विंटल कापूस आणि १० टक्के ओलावा धरा. कपात दोन टक्के, भाव ७९४७ रुपये ८० पैसे, आणि पट्टी ९८,५५२ रुपये ७२ पैशांची. पायथॉन या भाषेत हे दहाबारा ओळींचे काम आहे.

या दहाबारा ओळींत काय काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एक मुलगी भाव विचारणारी ओळ लिहिते, ८११० टाइप करते, क्विंटल १२ देते आणि गुणाकार करते. पडद्यावर ८११० हा आकडा सलग बारा वेळा छापला जातो, एक लांबलचक माळ. कारण कीबोर्डवरून आलेले पायथॉनच्या लेखी अक्षरेच असतात. तिने क्विंटलचे रूपांतर अंकात केले आणि भावाचे राहिले, म्हणून यंत्राने ती अक्षरे बारा वेळा लिहून दिली. ड्यु बूले ज्या मनातल्या यंत्राबद्दल बोलतात त्याचा एक भाग तिला इथे लख्ख दिसतो. तासभराच्या व्याख्यानाने हे साधत नाही.

यापेक्षा मोलाची चूक पुढची आहे. मुलगी आधी लिहिते, ओलावा ८ पेक्षा जास्त असेल तर कपात कर. त्याखाली एलिफ, म्हणजे ‘नाहीतर जर’, टाकते, १२ पेक्षा जास्त असेल तर माल परत. चालवून पाहते, १० ला उत्तर बरोबर येते. मग १४ देते. प्रोग्राम सहा टक्के कापून क्विंटलला ७६२३ रुपये ४० पैसे भाव लावतो आणि मुकाट्याने पट्टी काढून देतो. कोणतीही एरर नाही, लाल अक्षरे नाहीत. पहिलीच अट १४ ला लागू पडली, म्हणून दुसऱ्या अटीपर्यंत यंत्र पोचलेच नाही. पण जिच्या घरची गाडी कधीकाळी केंद्रावरून परत आली आहे तिला हे उत्तर क्षणात खटकते. १४ टक्क्यांचा कापूस कोण घेतो? पिझ्झाच्या ऑर्डरमध्ये हीच चूक असती तर तिला ती दिसली नसती, कारण तिथे बरोबर काय हे तिला ठाऊकच नव्हते.

या पुस्तकाचे सगळे म्हणणे मी या एका जागी ठेवतो. सरावाचा प्रकल्प असा निवडावा की ज्याचे बरोबर उत्तर शिकणाऱ्याला जगण्यातून आधीच माहीत आहे. मग तो स्वतःच स्वतःचा परीक्षक होतो, आणि दर वेळी कोणाला तरी विचारत बसावे लागत नाही. जिथे शिकवणारा रोज हाताशी नाही तिथे ही सोय फार मोठी आहे. कोड लिहिता लिहिता असे प्रश्नही उभे राहतात जे पट्टी हातात घेताना कोणी विचारत नाही. ओलावा ८.६ आला तर कपात पूर्ण टक्क्याची की ०.६ ची? प्रोग्रामला काहीतरी एक सांगावेच लागते, म्हणून केंद्रावरच्या ग्रेडरला विचारून यावे लागते.

दुसरे उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्धच आहे. येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात पावसाचा प्रश्न दिला होता : रोजच्या पावसाचे आकडे घेत जा, ९९९९९ आला की थांब आणि सरासरी सांग. इतका साधा प्रश्न, पण नवखे विद्यार्थी त्यात सपाटून चुकत, कारण बेरीज, मोजणी आणि थांबणे हे तीन धागे एकत्र विणावे लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळेत हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. पाऊस पडला नाही तो दिवस आणि पर्जन्यमापकाची नोंदच झाली नाही तो दिवस, हे दोन्ही वहीत सारखेच रिकामे दिसतात. दोन्हींना शून्य धरले तर सरासरी उगाच खाली येते. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस म्हणते. म्हणजे मोजणीचा धागा पुन्हा निराळा होतो.

भाषेचा प्रश्न मला टाळायचा नाही. या पट्ट्यात घरी कोलामी, गोंडी, तेलुगू किंवा बंजारा बोलणारी मुले शाळेत मराठीतून शिकतात आणि कीबोर्डवर इंग्रजीपाशी येऊन थबकतात. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये ब्लॉक जोडून प्रोग्राम करण्याची स्क्रॅच ही भाषा वापरणाऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, आपल्या भाषेतले ब्लॉक वापरणारी मुले नव्या कल्पना अधिक वेगाने वापरू लागतात असे दिसले. पायथॉनमध्ये आज्ञा इंग्रजीच आहेत, पण त्या मोजक्या आहेत. बाकीच्या नावांसाठी देवनागरी चालते : भाव, ओलावा, कपात ही नावे ३ या आवृत्तीपासून थेट वापरता येतात. प्रोग्राम चालू असताना कोणी ८११० देवनागरी अंकांत टाइप केले तरी अक्षरांचे अंक करणारी इंट ही आज्ञा त्याचे बरोबर रूपांतर करते. कोडच्या ओळीत मात्र अंक इंग्रजीच लागतात. आणि कोरपना या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर चार येत नाही, सहा येते, कारण काना आणि ओकाराची मात्रा युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. तोच शब्द उलटा छापला तर काना आधाराविना सुरुवातीलाच लटकतो. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये शब्द उलटा करणे हा सोपा सराव असतो. मराठीत तो लिपीच्या रचनेचा धडा होतो, आणि तो आपल्याच मुलांना मिळू शकतो.

महाराष्ट्रात यासाठी लागणारे साहित्य आणि विचार दोन्ही आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने दहाएक मिनिटांचे छोटे धडे केले आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले. ते उतरवून घेऊन नेटवर्कशिवायही वापरता येतात. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे काम अशी त्यांची रीत आहे. फोनच्या लहान पडद्यावर ती जमत नाही. तिथे धडा थांबवून कोड वहीत उतरवावा, शेजारी अंदाज लिहावा आणि मगच टाइप करावा.

विचारांचे म्हणाल तर ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती उत्पादक कामातून शिक्षण याच पायावर. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत शिकण्याची वाट करून दिली. पॅपर्ट यांचे १९८० चे माइंडस्टॉर्म्स हे पुस्तक आणि नई तालीमचे साहित्य शेजारी ठेवून वाचले पाहिजे असे मला वाटते. फरक एका ठिकाणी आहे. नई तालीममधल्या टकळीवरचा धागा तुटला की कातणाऱ्याला लगेच कळते. चुकलेला प्रोग्राम नेटके दिसणारे उत्तर देतो. म्हणून इथे घरच्या कामाची जाण जास्तच लागते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे. पहिली तीन प्रकरणे केवळ कोड वाचण्याची आहेत. ती घाईने उरकू नयेत, त्यात टाइप करायला फारसे काही नाही हे मुद्दाम आहे. चौथे आणि पाचवे प्रकरण तयार प्रोग्राममध्ये बदल करण्याचे. शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या घरांचे व्यवसाय पाहून त्यातली उदाहरणे बदलावीत. सिमेंट कारखान्यातल्या पाळ्यांचा हिशेब, तेंदूपत्त्याच्या पुड्यांची मोजदाद, एसटीचे वेळापत्रक, जे वर्गाला तोंडपाठ असेल ते घ्यावे. सहावे प्रकरण कापसाच्या पट्टीचे आहे. ते शक्यतो खरेदी चालू असताना, दिवाळीनंतर वाचावे, म्हणजे ८.६ चा प्रश्न केंद्रावर जाऊन विचारता येईल.