२४ जून : फ्रेंच दिग्दर्शक क्लोद शाब्रोल यांचा जन्मदिन (१९३०)

फ्रेंच सिनेमातली ‘न्यू वेव्ह’ म्हटले की त्रुफॉ आणि गोदार ही नावे आधी ओठांवर येतात. पण त्या पिढीतला पहिलावहिला चित्रपट देण्याचा मान बहुतेक अभ्यासक क्लोद शाब्रोल यांनाच देतात. औषधविक्रेत्याचा हा मुलगा ‘काइये द्यु सिनेमा’ मासिकात समीक्षा लिहायचा. एरिक रोमेरसोबत त्याने हिचकॉकवर पुस्तकही लिहिले. पत्नीला मिळालेल्या वारशाच्या पैशांतून त्याने ‘ल बो सेर्ज’ (१९५८) काढला, तोही युद्धकाळात जिथे बालपण गेले त्या सार्दाँ गावात. पुढच्याच वर्षी ‘ले कुझँ’ला बर्लिन चित्रपट महोत्सवाचे ‘सुवर्ण अस्वल’ पारितोषिक मिळाले.

सुमारे पन्नास वर्षांत पन्नासहून अधिक चित्रपट! सगळेच सारख्या तोलाचे नाहीत, पण ‘ल बुशे’ (१९७०) मात्र अवश्य पाहावा. गावातली मुख्याध्यापिका, तिच्यावर जीव जडलेला खाटीक आणि एकामागून एक होणारे खून. लग्नाच्या जेवणावळीत सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू काळीज गोठवते. खुनी कोण, यापेक्षा त्याच्या एकाकीपणाची शाब्रोलना अधिक कणव होती. सुखवस्तू घरांतला दंभ तर त्यांच्याइतका क्वचितच कुणी उघडा पाडला असेल.

इझाबेल ह्युपेरने त्यांच्या सात चित्रपटांत काम केले. त्यांतला ‘ला सेरेमोनी’ (१९९५) सर्वांत धारदार. त्यांच्याच ‘ला फाम अँफिदेल’वरून हॉलिवूडने २००२ मध्ये ‘अनफेथफुल’ काढला. ‘बेलामी’ (२००९) हा शाब्रोल यांचा अखेरचा चित्रपट. १२ सप्टेंबर २०१० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.