कोल्हापूर प्रकरण आणि आपला शेजारधर्म

कोल्हापूर प्रकरण म्हटले की टिळक-आगरकरांचा तुरुंगवास आठवतो. ज्याच्या काळजीपोटी तो घडला, तो मनुष्य मात्र सहसा कोणाला आठवत नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या मागे १८७१ साली दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज. त्यांचा जन्म १८६३ चा. म्हणजे गादीवर बसले ते आठ वर्षांचे पोर. कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली चाले. पुढे महाराजांना बुद्धिभ्रंश झाला असे ठरले, आणि मग त्यांनी कोठे राहावे, कोणास भेटावे, हे सारे दुसरेच ठरवू लागले. कारभारी होते माधवराव बर्वे.

महाराजांचा छळ होतो, त्यांना मुद्दाम वेडे ठरविले जात आहे, अशी बोलवा उठली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे तेव्हा जेमतेम वर्षाची. त्यांनी आवाज उठविला, आणि बर्व्यांची म्हणून दाखविलेल्या काही पत्रांवर विसंबून आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. महात्मा फुल्यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. परंतु ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले.

आणि महाराज? २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस.

बर्व्यांवरचा आरोप शाबीत झाला नाही, हे न्यायाने म्हटलेच पाहिजे. पत्रे खोटी होती. पण महाराजांविषयीची काळजी खोटी होती काय? खरी अडचण ही की, ती काळजी नेऊन ठेवायला जागाच नव्हती. पहारा सरकारचा, वेडे ठरविणारे सरकार, आणि गाऱ्हाणे ऐकणारेही सरकारच! दार नसले म्हणजे माणसे भिंतीवर डोके आपटतात.

आज दार आहे. मनोरुग्णाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तोच त्याचे हाल करीत असेल, तर पोलीस ठाण्याला कळविणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य केले आहे. ठाणे अंमलदाराने ते ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवावयाचे. अपंग माणसाची पिळवणूक होत असेल, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. खानापूर तालुक्याचे तहसीलदार हे तसे दंडाधिकारी, आणि त्यांची कचेरी येथे विट्यातच आहे.

तरी आपण गप्प बसतो. ज्याला धड समजत नाही अशा म्हाताऱ्याचा अंगठा कागदावर उमटतो, आणि गल्ली म्हणते, "त्यांच्या घरचा मामला." घरचा मामला! मागावर मजुराचा हात सापडला तर आपण मालकाच्या खात्याचा मामला म्हणतो काय?

मात्र १८८२ चा धडाही विसरता कामा नये. संघटनेच्या कामात आम्ही जे ठेचा खाऊन शिकलो, तेच येथेही लागू आहे. डोळ्यांनी काय पाहिले, कोणत्या दिवशी, तेव्हा जवळ कोण होते, एवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी. हाती आलेला कागद तपासल्याशिवाय पुढे करू नये. हेतूचा निवाडा ज्याचे ते काम त्याच्यावर सोपवावा. कारण आपली एक खोटी चिठ्ठी खऱ्या दुःखाची साक्ष बुडविते.

आणि सर्वांत आधी त्या माणसाला विचारावे, "बाबा, तुम्हांला काय हवे आहे?" कोल्हापूरच्या त्या तरुण राजासाठी किती वाद झाले, किती शाई सांडली! पण त्याचे स्वतःचे म्हणणे इतिहासात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. आपल्या गल्लीत तरी तसे घडू नये.