नुसती शपथ पुरत नाही

दारू सोडायची म्हणजे काय, मनाचा निश्चय केला की झालं, असं आपण सगळेच म्हणत आलो. गळ्यात माळ घालायची, देवापुढे शपथ घ्यायची, की सुटलं! निश्चय लागतोच, पण वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एकाएकी थांबला तर ते जिवावरही बेतू शकतं. हे नक्की कळायला डॉक्टरांनाही जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

१८१३ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या थॉमस सटन या डॉक्टरने एका आजाराला नाव दिलं - डिलिरियम ट्रेमेन्स. हात थरथरतात, झोप उडते, नसलेले किडे-माणसं दिसतात, रोगी बरळू लागतो. तेव्हा हा मेंदूचा ताप समजून रोग्याचं रक्त काढत. सटन म्हणाला, रक्त काढू नका, अफू देऊन झोपवा. उपायाची दिशा सापडली, पण हा आजार दारू पिण्याने होतो की सोडल्याने? हा वाद पुढे शंभरावर वर्षं चालला.

निकाल लागला १९५५ मध्ये. अमेरिकेत लेक्झिंग्टनच्या सरकारी इस्पितळात हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १० जणांना चांगलं खाऊपिऊ घालून रोज दारू दिली आणि मग एकदम बंद केली. हे लोक कैदी होते, स्वखुशीने तयार झालेले. कैद्याची खुशी ती किती खरी, हा प्रश्न मला छळतो. पण जे ४८ ते ८७ दिवस प्यायले, त्यांचे हाल सर्वांत वाईट झाले. आजार सोडण्याचाच होता!

कारण असं की दारू मेंदूला गुंगी आणते आणि मेंदू त्याविरुद्ध आपला वेग वाढवून ठेवतो. दारू थांबली तरी तो वेग तसाच राहतो. मग काही तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम.

१९६० साली लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेली लिब्रियमची गोळी बाजारात आली. १९६९ मध्ये ५३७ रुग्णांवरची तुलना प्रसिद्ध झाली, तीत फिट आणि भ्रम रोखण्यात हीच गोळी सरस ठरली. आजही त्याच जातीची औषधं देऊन काही दिवसांत मात्रा उतरवत नेतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्व.

आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. अशा ठिकाणी आधी औषधांनी शरीर सावरतात, मनाचं लांबलचक काम त्यानंतर.

आमच्या गावाकडे असा बरळणारा माणूस बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेलेला मी पाहिला आहे. त्याने नुकतीच दारू सोडली होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तुमच्या नात्यात कुणी उद्यापासून सोडतो म्हणाला, तर त्याची पाठ जरूर थोपटा. पण त्याला खोलीत कोंडू नका, सोडण्याआधीच डॉक्टरकडे घेऊन जा. शपथ काय, डॉक्टरकडून आल्यावरही घेता येते.