प्रोस्टेट कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचला तर? इलाज निवडताना घरच्यांनी काय पाहावे

रिपोर्टवर ‘स्टेज चार’ लिहिलेले दिसले की घरात कुजबुज सुरू होते. अब्बांना सांगायचे नाही, सौदीला असलेल्या भावाला बोलावून घ्या, गावची जमीन काढायची का? तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर जडीबुटीवाल्याचा नंबर पाठवतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ही धावपळ बहुतेक वेळा गरजेची नसते. हा आजार अनेक रुग्णांत हळू चालतो. पसरल्यावर तो मुळापासून बरा होणे कठीण असते, पण इलाजाने कित्येक जण काही वर्षे चालते-फिरते राहतात. नमाजला जातात, दुकानात बसतात. आठ-दहा दिवस विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला सहसा वेळ मिळतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती अनेकांची वाढते, आणि प्रत्येक वाढ कॅन्सर नसते. कॅन्सर असून तो बाहेर पडला तर बहुधा हाडांत जातो: मणके, कंबर, बरगड्या. म्हणून पहिली तक्रार कधीकधी कंबरदुखीची असते आणि महिने मालिश करण्यात जातात. हाडात गेला तरी तो प्रोस्टेटचाच कॅन्सर राहतो आणि प्रोस्टेटच्याच औषधांनी आटोक्यात येतो.

पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे या कॅन्सरचे खाद्य. ते तोडले की गाठी आकसतात, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले. 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. (परळचे टाटा हॉस्पिटलही 1941 चेच.) आजही इलाजाचा पाया तोच आहे.

इंजेक्शन की ऑपरेशन

हार्मोन तोडायचे दोन रस्ते आहेत. एक, दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन, आणि ते सहसा कायम. दुसरा, दोन्ही वृषणे काढण्याचे छोटे ऑपरेशन, एकदाच. हार्मोन खाली आणण्यात दोन्ही सारखेच. ऑपरेशन एकूण हिशेबात खूप स्वस्त पडते आणि तारीख चुकण्याची भीती नसते, मात्र ते उलटवता येत नाही. इंजेक्शन थांबवता येते, पण खर्च चालूच राहतो. दोन्हींत इच्छा आणि ताकद कमी होते, अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, वजन आणि शुगर वाढू शकते. डायबिटीस किंवा हार्टचा त्रास असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

आपल्या घरांत ऑपरेशनचे नाव काढले की ‘खस्सी’ हा शब्द मनात येतो आणि बोलणे तिथेच थांबते. विनाकारण तसे करणे आणि जीवघेण्या आजाराचा इलाज म्हणून करणे यात उलमा फरक करतात. मुफ्तीसाहेबांना विचारायचे असेल तर रिपोर्ट घेऊन, डॉक्टरांनी काय सांगितले ते पूर्ण सांगून विचारा. शरमेचा प्रश्न वेगळा, आणि तो अम्मी-अब्बांचा आहे, मुलांचा नाही. काही घरांत फॉर्मवर सही मुलगा करतो आणि ज्यांचे ऑपरेशन आहे त्यांना ‘छोटी गाठ काढायची आहे’ एवढेच सांगितले जाते. मला हे चूक वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्याच्या शरीराचा निर्णय त्याला न विचारता घेऊ नये. सगळे एका दिवसात सांगायची गरज नाही. “तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?” असे विचारून सुरुवात करता येते.

पुढची औषधे आणि पैसा

आता फक्त हार्मोन तोडून थांबत नाहीत. 2015 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हार्मोनच्या इलाजाला सुरुवातीलाच डोसीटॅक्सेल या केमोची जोड दिली, तेव्हा मध्यक आयुष्य 44 वरून सुमारे 57 महिन्यांवर गेले. सर्वाधिक फायदा आजार जास्त पसरलेल्यांना झाला. मध्यक म्हणजे काय, ते वर्गात शिकवतो तसे सांगतो: शंभर मुले उंचीप्रमाणे रांगेत उभी करा, मधल्या मुलाची उंची ती मध्यक. निम्मी मुले त्याच्याहून उंचच असतात. डॉक्टर महिने सांगतात तेव्हा ती अब्बांची मुदत नसते, रांगेतली मधली जागा असते. अब्बा रांगेत कुठे आहेत, ते कुणी आधी सांगू शकत नाही.

केमो झेपणार नसेल तर ॲबिराटेरॉनसारख्या गोळ्या आहेत, सोबत प्रेडनिसोलोन. नेहमीचा डोस 1000 मिलिग्रॅम, उपाशीपोटी. 2018 मध्ये 72 रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात 250 मिलिग्रॅम नाश्त्यासोबत दिले, तर पीएसए उतरवण्यात ते मागे पडले नाही. आयुष्य किती वाढते, हे त्या अभ्यासाने मोजले नव्हते. तरी खर्च पेलत नसेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. स्वतःच्या मनाने डोस कमी करू नका. रमजानमध्येही गोळीची वेळ त्यांनाच विचारून ठरवा. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत दीननेच दिली आहे.

नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळचे एचसीजी मानवता आणि पेठ रोडवरचे नामको हॉस्पिटल इथे कॅन्सरचे इलाज होतात. दुसरे मत हवे असेल तर टाटा आहेच. नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेतून ऑनलाइन रिपोर्ट पाठवूनही मत मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा. कोणता इलाज योजनेत बसतो आणि कोणते औषध बाहेरून घ्यावे लागेल, हे पैसे भरण्याआधी विचारा. जमिनीचा विषय त्यानंतर.

दुखणे सहन करत बसण्यात सवाब शोधू नका. एका दुखऱ्या हाडाला रेडिएशनचा एकच डोस अनेकांना आराम देतो. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर व्यसनाची भीती फार कमी असते. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून अशा रुग्णांची मोफत काळजी घेते.

घाई फक्त एका बाबतीत करायची. पायांतली ताकद अचानक गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर कॅन्सर मणक्यातल्या नसा दाबत असू शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, कारण उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

अब्बांच्या भावांनी, आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांनीही, पीएसए तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. हा आजार काही घराण्यांत चालत येतो.